ज्यूनोचा कान

१

मेणाची टिकली निघाली, आणि खाली देवी नव्हती.

कॅपिटोल टेकडीवर ज्यूनोच्या देवळाला लागून असलेल्या टांकसाळीत रोज सकाळी जे व्हायचं तेच त्या दिवशीही चाललं होतं. देवळातल्या पेटीतून चामड्याची पुरचुंडी आली. क्विंटस वेटिडिअसने तिच्यावरची स्वतःच्या अंगठीची मोहोर निरखली, मोहोर शाबूत होती. मग त्याने पुरचुंडी सोडली, ठशाच्या तोंडावर बसवलेली मेणाची जाड टिकली नखाने उचकटून बाजूला भिरकावली, आणि तो आ वासून बघतच राहिला.

आत कोरा ठोकळा होता. कांशाचा, त्याच मापाचा, वरून कानशीने घासलेला. ज्यूनोदेवीचा मुखडा कोरलेला ठसा, जो कालच पहिल्यांदा ऐरणीत बसला होता, तो गायब!

"कुठंय?" वेटिडिअस ओरडला. वय अठ्ठावीस, घराणं मोठं, आणि यंदाची चांदीची नाणी पाडण्याचं काम त्याच्याकडे. नाण्यावर त्याचं नाव होतं, आणि त्या नावावर पुढच्या निवडणुकीची सगळी भिस्त. ठसा बाहेर गेला तर कोणीही उपटसुंभ शिशाच्या चकत्यांना चांदीचा मुलामा देऊन त्याच्या नावाने छापत सुटेल, आणि मग निवडणूक कसली, तोंड दाखवायची चोरी.

मग त्याने स्वतःच हिशेब मांडला. "काल संध्याकाळी घणवाल्या बुक्कोने ठसा ऐरणीतून काढून लायसनच्या हातात दिला. लायसनने तो गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. मी मोहोर लावली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला दरवाज्यात नागडं करून तपासलं, काही मिळालं नाही. दरवाज्यातून गेला नाही असा एकच. जो इथेच झोपतो."

सगळ्यांच्या माना लायसनकडे वळल्या. चोवीस वर्षांचा सिराक्यूजचा गुलाम. देवीचा मुखडा कोरणारा तोच. हे नाणं मनासारखं उतरलं तर तुला मोकळा करीन, असा शब्द वेटिडिअसनेच त्याला दिला होता.

"मालक, मी माझाच ठसा कशाला—"

"ते फळीवर सांग. माणसं बोलावतो मी. दुपारच्या जेवणानंतर येतील." गुलामाची साक्ष ताणल्याशिवाय खरी धरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि फळीवर ताणलेल्या माणसाचे खांदे-मनगटं पुन्हा कोरीवकामाला येत नाहीत, हेही. "डिफिलस, तोवर तू शोध. ठसा मिळाला तर ठीक."

डिफिलस म्हणजे ठशांचा प्रमुख कारागीर. वय साठ. पन्नाशी उलटल्यावर गुलामीतून सुटलेला, चौतीस वर्षं याच टांकसाळीत घासलेला. त्याने मान डोलावली, खाली वाकला, आणि वेटिडिअसने भिरकावलेली मेणाची टिकली रोजच्या सवयीने कमरेच्या पिशवीत टाकली. मेण फुकट येत नाही. वितळवून परत वापरायचं असतं.

मग लायसनच्या हातांना दोरी बांधली जाताना त्याने पाहिलं, आणि त्याला आनंद झाला. लपवून काय उपयोग? त्याला अगदी उकळ्या फुटल्या.

२

चौतीस वर्षं डिफिलस नाण्याची पाठ कोरत आला होता. रथ आणि दोन घोडे. सगळं रोम त्याचे घोडे खिशात घेऊन फिरायचं आणि कोणीही नाणं उलटून पाहायचं नाही. मुखडा कोरायचं काम पूर्वी दुसऱ्या म्हाताऱ्याकडे होतं. तो मेला तेव्हा डिफिलसला वाटलं, आता आपण. तर वेटिडिअसने हे पोरगं आणून बसवलं. शिकवलं कोणी? डिफिलसने. छिन्नी कशी धरायची, उलटं कोरून सुलटं कसं उमटवायचं, सगळं. दोन महिन्यांपूर्वी लायसनने तो मुखडा पुरा करून त्याच्यापुढे धरला, तेव्हा डिफिलस "बरा आहे" एवढंच म्हणाला, आणि घरी जाऊन त्याला घास गिळेना.

देवी जिवंत होती. आता पापणी हलवेल आणि काहीतरी बोलेल अशी.

एकच दोष होता. कानाची लोळी खाली चिरलेली. हात सटकलाय लेकाचा! दोन महिने डिफिलस तो एक दोष जिवापाड जपत होता. चारचौघांत केव्हा काढायचा याची वाट बघत होता.

लायसनला हत्यारांच्या कोठडीत डांबलं होतं. डिफिलस आत गेला तसा तो धडपडत उठला.

"आबा, मी नाही हो घेतला."

"सगळे असंच म्हणतात. काल बुक्कोने ठसा दिला तेव्हा मेण लावलेलं होतं?"

"होतं की. गरमच होतं अजून. मी चामड्यात गुंडाळला, अंगण ओलांडलं आणि मालकांपुढे ठेवला."

"मेण काढून पाहिलंस?"

"कशाला पाहू? तुम्ही पाहता का कधी?"

डिफिलस पाहत नसे. संध्याकाळी तापलेल्या ठशाच्या तोंडावर ऐरणीपाशीच मऊ मेण थापायचं, म्हणजे दमट हवा लागत नाही आणि नक्षीला धक्का पोचत नाही. ही इथली जुनी रीत. मग सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.

"आणि तो कान?" डिफिलसला राहवलं नाही. "कान चुकला तुझा. मला काय दिसलं नाही वाटतं?"

लायसनने मान खाली घातली. "चुकला नाही, आबा."

"मग?"

"जसा दिसला तसा कोरला."

"दिसला? ज्यूनो येऊन बसली होती का रे तुझ्यापुढे, कान वर करून?"

पोराचे कान लाल झाले, पण तोंड उघडेना. मरायची वेळ आली तरी काही तरी झाकतोय, एवढं डिफिलसला कळलं. त्याने दार लावून घेतलं.

ऐरणीपाशी दोघं काम करायचे. बुक्को घण मारायचा, आणि अँटेरस नावाचा काटकुळा माणूस चिमट्याने चांदीची तापलेली चकती ठशावर ठेवायचा. अँटेरस ओट्यावर बसून नखं कुरतडत होता. त्याचं स्वतःचं वेगळंच दुखणं होतं. बारा वर्षं चिमटा धरूनही घण हातात येत नव्हता.

"मला काय विचारता?" तो फणकारला. "जे काय ते त्या गोऱ्यागोमट्या पोराला विचारा. मालकांचा लाडका! आणि नाहीतर त्या बैलाला. मी आपला चिमटेवाला."

"काल मेण थापलंस, तेव्हा ठशावर काही वेगळं दिसलं?"

"मी थापलंच नाही."

"म्हणजे? ते तुझं काम ना?"

"रोज माझंच. पण काल बुक्कोला पुळका आला. म्हणाला, तू दमलायस, नाण्यांची परात घेऊन वजनाला जा, मेण मी लावतो. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला दमलास म्हणालं, आबा! मी कशाला नाही म्हणू?"

३

टांकसाळीच्या पायऱ्यांच्या तळाशी हिलाराचा ठेला. दगडी कट्ट्यात पुरलेले दोन रांजण, एकात हरभरे, दुसऱ्यात पाणी घातलेली पातळ, आंबट दारू. हिलारा बुक्कोची बायको. डिफिलस रोज तिथेच दुपारची भाकरी खायचा, कट्ट्याकडे पाठ करून, आपल्याच विचारात.

"आज लवकर, आबा?" ती म्हणाली. "वर काय गडबड आहे? म्हणे त्या पोराला बांधलंय."

"बांधलंय. दुपारी ताणणार."

तिचा हात थबकला. "तो कशाला चोरी करेल? कारखान्याचे हरभरे न्यायला रोज तोच येतो. तोंडातून शब्द काढत नाही. नुसता बघत उभा राहतो, पसा भरेपर्यंत."

"काय बघतो?"

"कोण जाणे. रांजण बघत असेल." ती हसली, आणि तापलेल्या रांजणावरचं झाकण उचलायला तिने डोक्यावरच्या वस्त्राचा पदर ओढून हाताला गुंडाळला. वस्त्र उजव्या बाजूने सरकलं.

डिफिलसने हातातली भाकरी खाली ठेवली.

उजव्या कानाची लोळी खालून दुभंगलेली होती. त्याने कानावरून नजर वर नेली. गालाचं हाड, नाकाची सरळ रेघ, काहीतरी बोलायच्या बेतात असलेले ओठ. हा मुखडा तो दोन महिने उलटा-सुलटा बघत होता, मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होता. आणि अकरा वर्षं इथे हरभरे खात होता! घोडे कोरणाऱ्याने एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या पोराने पाहिलं. पसाभर हरभऱ्यांच्या वेळात पाहिलं.

"कानाला काय झालं गं?"

तिने झटकन वस्त्र पुढे ओढलं. "जुनं आहे."

"कोणी केलं?"

"सात वर्षं झाली, आबा. बहिणीने कानात घालायला काप दिले होते. त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणी दिले. कानातला तसाच ओढला." ती रांजण ढवळत राहिली. "आता नाही तो तसा. तेव्हापासून मी कानात काही घालत नाही, आणि तोही काही बोलत नाही. पण काल घरी आला तो जेवलाच नाही. माझ्याकडे टक लावून बघत बसला. आणि म्हणाला, तू कोणाला दाखवलास?"

"काय दाखवलंस?"

"तेच मी विचारलं. तर उठून गेला."

४

पायऱ्या अर्ध्या चढून डिफिलस मटकन बसला आणि त्याने पिशवीतून मेणाची टिकली काढली. अंगाच्या उबेने ती किंचित मऊ झाली होती. त्याने ती उलटी केली.

ठशावर थापलेल्या मेणाच्या आतल्या बाजूला देवी उमटते. नाक, ओठ, केस, सगळं. इथे देवी नव्हती. इथे बारीक आडव्या रेघा होत्या. तीन रेघा, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा तीन रेघा. त्या रेघा डिफिलसने झोपेतही ओळखल्या असत्या. त्याच्या स्वतःच्या कानशीचा एक दात तुटका होता. नव्या घोड्यांसाठी घासून त्याने दारातल्या टोपलीत टाकलेले ठोकळे, येता-जाता कोणीही उचलावेत असे.

म्हणजे मेण गरम असताना ते थापलं गेलं कोऱ्या ठोकळ्यावरच. लायसनने नंतर अदलाबदल केली असती, तर त्याला देवीवरचं मेण काढून ठोकळ्यावर चिकटवावं लागलं असतं, आणि आत देवीचा चेहरा राहिला असता. नवं मेण मऊ करायला शेगडी लागते. ती ऐरणीपाशी. लायसन तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अंगण ओलांडून गेला. पोराच्या हातात ठसा आलाच नव्हता.

सगळं त्याच्या तळहातावर होतं, आणि ते मऊ होतं.

नुसती मूठ आवळायची. कोणाला कळणार? मेणाचा गोळा होईल, तीन रेघा जातील, दुपारी माणसं येतील. उद्यापासून मुखडा कोरायला टांकसाळीत एकच माणूस उरेल. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. डिफिलसची बोटं मिटायला लागली. अगदी खरं सांगायचं तर अंगठा मेणात रुतला, आणि एका कडेच्या रेघा पुसल्या गेल्या.

मग त्याला वाटलं, हे पोरगं गेलं की असा मुखडा मला पुन्हा बघायला मिळणार नाही. द्वेष करायलाही मिळणार नाही. "मर मेल्या," तो पुटपुटला. लायसनला की स्वतःला, त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने टिकली थंड दगडावर पालथी ठेवली, घट्ट होऊ दिली, आणि वर गेला.

ऐरण म्हणजे ओकच्या जाडजूड बुंध्यात बसवलेला लोखंडी ठोकळा. बुक्को सकाळपासून त्या बुंध्याला टेकून बसला होता.

"काय म्हातारबा, सापडला का चोर?"

"सकाळपासून इथून हलला नाहीस तू. जेवायलाही नाही."

"भूक नाही."

"तुझी दरवाज्यात झडती झाली, काही निघालं नाही. म्हणजे ठसा आतच आहे. ऊठ, ऐरण उचलायची आहे. खालच्या खोबणीत काय आहे ते बघू."

बुक्को उठला नाही. त्याचे हात बुंध्याभोवती आवळले गेले.

"काल सकाळपासून ठोकत होतो. कोण बघतं नाण्याकडे? एक पायाशी पडलं, उचललं. तो कान, आबा! माझ्या या हाताने फाडलेला. दिवसभर मी तोच पुन्हा पुन्हा फाडत होतो. घण मारला की फाटला, घण मारला की फाटला. आणि आता सगळ्या गावाच्या खिशात जाणार." मग त्याचे डोळे पेटले. "त्याने कधी बघितला? किती जवळून बघितला? सांग ना!"

"हरभरे नेताना. पदराने झाकण उचलते ती."

"खोटं!"

"मी अकरा वर्षं तिथे खातोय, मला दिसला नाही. त्याला दिसला. त्याला दिसतं रे, आपल्याला दिसत नाही. मला काय कमी जळायला होतं?"

बुक्कोने बुंध्यावरचे हात सोडले.

"मोडला का नाहीस ठसा? घण होता की हातात," डिफिलसने विचारलं.

"उचलला होता घण. तिचं तोंड होतं."

अंगणाचं दार वाजलं. चार माणसं लाकडी फळी आणि दोरखंड घेऊन आत येत होती.

"ऐक," डिफिलस घाईने म्हणाला. "देवीच्या जागी जिवंत बाई छापली, हे मालकांना कळलं तर ते पोरगं मरेलच. तुला तेच हवं असेल. पण मग सगळं रोम विचारत तुझ्या ठेल्यावर येईल, हा कान कोणी फाडला म्हणून. सांगशील? तिच्यासमोर?"

५

"मालक, फळी राहू द्या," डिफिलस म्हणाला. "ठसा मिळाला."

त्याने मेणाची टिकली आणि कोरा ठोकळा वेटिडिअसपुढे ठेवला, रेघांना रेघा जुळवून दाखवल्या, मेणाची रीत समजावली. काल मेण थापलं कोणी, हे अँटेरसने उड्या मारत सांगितलं. मग दोन माणसांनी ऐरण उचलली. खाली, ओकच्या खोबणीत, कापडात गुंडाळलेली ज्यूनो उपडी पडली होती. तिला ओरखडाही नव्हता.

"बुक्को?" वेटिडिअसचा विश्वास बसेना. "तू चोरून करणार काय होतास? तुला तर बाहेरही नेता आला नसता."

बुक्कोने तोंड उघडलं. कोठडीतून आणलेला लायसन पांढराफटक पडला. त्याने बुक्कोच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि बुक्कोने तो कान ओळखलाय हे त्याला कळलं होतं.

"मत्सर, मालक," डिफिलस मध्येच म्हणाला.

"घणवाल्याला कोरणाऱ्याचा मत्सर? काहीतरीच!"

"काहीतरीच कसं? घाव याने घालायचे, हात याचे सोलायचे, आणि वाहवा त्या पोराची. मी चौतीस वर्षं घोडे कोरतो. तो मुखडा पहिल्यांदा बघितला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आज त्याला बांधलं तेव्हा मला आनंद झाला, मालक. हे मेण तासाभरापूर्वी माझ्या मुठीत होतं. हा बघा माझ्या अंगठ्याचा डाग. मला एवढं होतं, तर याला का होऊ नये?"

कोणीही माणूस स्वतःबद्दल असं खोटं बोलत नाही, हे वेटिडिअसलाही कळत होतं. "खरं का हे?" त्याने बुक्कोला विचारलं.

बुक्कोने लायसनकडे पाहिलं, मग खाली, पायऱ्यांच्या दिशेने. "खरं आहे," तो म्हणाला. "मत्सरच."

त्याला स्पेनच्या खाणीकडे जाणाऱ्या तांड्यात घातलं. मान गेली नाही, कारण ठसा मिळाला होता आणि वेटिडिअसला बोभाटा नको होता. जाताना दरवाज्यात तो एकदाच थांबला. "तिला सांगा," तो म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सुचलं नाही.

वेटिडिअस ठसा उन्हात धरून बघत होता. "पण डिफिलस, हे कानापाशी काय आहे? चिरल्यासारखं?"

दोन महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला.

"चूक आहे, मालक," डिफिलस म्हणाला. "हात सटकलाय पोराचा. नवखा आहे. मी दुरुस्त करतो. कालची नाणी वितळवून टाका."

संध्याकाळच्या आत त्याने ते केलं. ठसा पकडीत बसवला, छिन्नीला धार लावली आणि लायसनला शेजारी बसवलं. चिरेच्या जागी साच्यात बारीक कड उठलेली होती. ती त्याने तासली. मग तिथेच, लोळीच्या खाली, एक लहानसा गोल खड्डा कोरला, आणि त्याखाली थेंबासारखा दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा त्याची छिन्नी नाण्याच्या पुढच्या बाजूवर चालत होती. त्या पोराच्या कामात जे सगळ्यात खरं होतं तेच तो पुसत होता, हेही त्याला ठाऊक होतं.

"आबा," लायसन हळूच म्हणाला, "मी तिच्याशी कधी बोललोसुद्धा नाही."

"माहीत आहे. गप बस. हात हलेल माझा."

महिनाभराने नवी नाणी बाजारात आली. हिलारा ठेला एकटीच चालवत होती. डिफिलसने त्या दिवशी कट्ट्याकडे पाठ केली नाही. तोंड करून उभा राहिला, हरभरे घेतले, आणि नवा कोरा दिनार तिच्यापुढे ठेवला.

"एवढ्याचे सुटे कुठून आणू, आबा?" म्हणत तिने तो उचलला, उन्हाकडे केला. आणि बघतच राहिली. पुष्कळ वेळ. तिचा हात आपोआप वस्त्राखाली, उजव्या कानाकडे गेला.

"काप घातलेत हिने," ती म्हणाली.

"हो."

"कोणी कोरले?"

डिफिलसच्या जिभेवर स्वतःचं नाव आलं होतं. "मुखडा त्या पोराचा आहे," तो म्हणाला. "सुटला तो परवा गुलामीतून. काप माझे."

हिलाराने नाणं उलटून पाहिलं नाही. तिने ते मुठीत धरलं, वस्त्र डोक्यावरून मागे सारलं, आणि कान उघडा ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाचा पसा भरायला लागली.